मामांच्या घड्याळातली मगर

माझ्या बायकोचे सांगलीचे मामा हयात होते तोवर सूर्य त्यांना विचारल्याशिवाय सांगलीवर उगवत नसे, आणि एखाद्या दिवशी उगवलाच तर मामा त्याची चूक काढत. मामांची आणि माझी पहिली भेट माझ्याच लग्नात, साताऱ्याला, एक्क्याण्णव साली झाली. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, फोटो झाले, पंगत बसली, मी बायकोला पहिला घास भरवायला हात पुढे केला आणि तेवढ्यात कुणीतरी आमच्या डोक्यावर मूठभर अक्षता फेकल्या. त्यातल्या निम्म्या जिलेबीच्या पाकात पडल्या. वर पाहिलं तर खाकी सदरा, पांढरा लेंगा, खिशाला भिंग अडकवलेलं आणि चेहऱ्यावर परीक्षा घेणाऱ्याचा भाव, असे एक गृहस्थ उभे. "आत्ता लागला मुहूर्त," ते म्हणाले. "मघाचा झाला तो मिर्झापूरचा. साताऱ्याच्या वेळेनं ह्यो बगा आत्ता, चौतीस मिनिटांनी. काळजी करू नका जावईबापू, आता लगीन पक्कं हाय." मी बायकोकडे पाहिलं. ती शांतपणे केसांतले तांदूळ काढत होती. घरातल्या सगळ्याच लग्नांत तिनं हे पाहिलेलं होतं. आमच्या घरी आजही भांडण झालं की ती म्हणते, आपलं लग्न दोनदा लागलंय, सुटणं कठीण आहे.

मामांचं म्हणणं साधं होतं आणि वाईट म्हणजे ते बरोबर होतं. रेडिओवर साऱ्या देशाला जी एकच वेळ सांगतात ती उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरच्या बाजूची. तिथे सूर्य डोक्यावर येतो त्यानंतर बत्तीस मिनिटांनी तो सांगलीच्या डोक्यावर येतो. "मग सांगलीच्या माणसानं मिर्झापूरच्या दुपारी का म्हून जेवायचं?" असा त्यांचा सवाल असे, आणि त्याला उत्तर नसल्यामुळे मामी बिचाऱ्या उरलेल्या घराला मिर्झापूरच्या वेळेनं आणि मामांना सांगलीच्या वेळेनं, अशा दोनदा पोळ्या लाटत. आम्ही साताऱ्याहून गेलो की उंबऱ्यातच माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं जाई आणि बत्तीस मिनिटं मागे सारून परत मिळे. शिवाय साताऱ्याची दुपार सांगलीच्याही मागून सव्वादोन मिनिटांनी होते, हे ते मला प्रत्येक वेळी सांगत. "तुमी सातारची मान्सं सुस्त असता, ते काय उगीच न्हाई." एवढं सगळं ठीक होतं, पण एस.टी. महामंडळाला हा विचार पटलेला नसल्यामुळे मामांना आयुष्यात ठरलेली गाडी कधी मिळाली नाही. ते पुढच्या गाडीनं येत आणि आधीची गाडी लवकर सुटल्याबद्दल स्टँडवरच्या कंट्रोलरला चार शब्द सुनावून येत.

या सगळ्याच्या मुळाशी एक घड्याळ होतं. मामा उभी हयात एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथे असताना एका जुन्या जहागीरदाराच्या विहिरीवरचं इंजिन त्यांनी सुरू करून दिलं, आणि बिदागी म्हणून अडगळीत पडलेलं एक उभं घड्याळ मागून घेतलं. जहागीरदारांनी ते आनंदानं दिलं, कारण त्या घड्याळात वेळ सोडून सगळं कळत होतं. परदेशी, दीडदोनशे वर्षांचं, साडेसात फूट उंच. तबकडीवर बारा राशींचं पितळी कडं. सूर्याचा एक काटा, तो वर्षातून एकदा त्या कड्याभोवती फिरायचा. चंद्राचा एक काटा, तो साधारण महिन्यातून एकदा. आणि चंद्राच्या काट्याच्या टोकाला अर्धा काळा, अर्धा पांढरा असा लिंबाएवढा गोळा, जो अमावास्येला काळं तोंड करून उभा राही आणि पौर्णिमेला पांढरं. तास-मिनिटं दाखवणारे काटेही होते, पण कोपऱ्यात, लाजत. घरी आणल्यावर कळलं की घड्याळ उंच आणि घराचं छप्पर बुटकं. घड्याळाच्या डोक्यावरचा नक्षीचा मुकुट कापा, असं सगळ्यांनी सुचवलं. मामांनी फरशी उखडून सव्वा फुटाचा खड्डा केला आणि घड्याळ त्यात उभं केलं. तेव्हापासून त्या घरात पाहुणा आला की तो आधी खड्ड्यात पाय घालायचा आणि मग मामींना नमस्कार करायचा.

घड्याळाची चाकं झिजलेली, काही तर हरवलेलीच होती. ती नव्यानं करायची तर आधी नमुना हवा, आणि इथे माझा उपयोग सुरू झाला. साताऱ्यात माझा छोटा छापखाना होता, ट्रेडल मशीन आणि अक्षरांच्या खिळ्यांचे खण मांडायचे चार घोडे, आणि मुख्य काम लग्नपत्रिकांचं. बिघडलेल्या, नाही तर लग्न मोडून पडून राहिलेल्या पत्रिकांचा जाड कागद मामांना फार आवडे. ते माझ्याकडून गठ्ठे नेत, त्यावर करकटकानं वर्तुळं काढत, कात्रीनं दात पाडत आणि एकात एक अडकवून फिरवून बघत. ते जमलं की मग पितळ. त्यांच्या घरात कोनाड्यात, शिंकाळ्यावर, देवांच्या मागे सगळीकडे ही कागदी चाकं असत, आणि प्रत्येक दातावर कुणाचं तरी 'चि. सौ. कां.' नाही तर 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असे. एकदा मी विचारलं की चंद्राचं चाक झालं का, तर म्हणाले, "झालं की. कराडच्या त्या मोडलेल्या लग्नात बसलं." ते लग्न निदान कशात तरी सत्कारणी लागलं याचं त्यांना समाधान होतं. मला त्या वधूपित्याची आठवण येऊन वाईट वाटलं.

त्या घड्याळातला सगळ्यात नामी काटा मात्र मुळातच गायब होता. ज्यांनी ते घडवलं त्यांनी एक लांबलचक काटा ड्रॅगनच्या आकाराचा केलेला असणार, हे तबकडीच्या कोपऱ्यातल्या चित्रावरून कळत होतं. हा ड्रॅगन म्हणजे आपले राहू-केतू. तोंड राहू, शेपूट केतू. साडेअठरा वर्षांत तो उलट दिशेनं एक फेरी मारतो, आणि सूर्याचा नि चंद्राचा काटा एकावर एक येऊन या प्राण्याच्या तोंडापाशी नाही तर शेपटापाशी पोचले की ग्रहण. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. एवढ्या मोठ्या आकाशाचा व्यवहार कुणीतरी तीन काट्यांत आणून ठेवला होता. मामांनी मामींच्या लग्नातली पितळी परात कापली (मामी दोन दिवस बोलल्या नाहीत) आणि काटा घडवायला घेतला. पण ड्रॅगन त्यांना काही जमेना. "आवं, डॅगन बघितलाय कुनी?" म्हणाले. "मगर आपल्या कृष्णंत हाय, रोज बघायला मिळती. मगरच करतो." आणि केली. खवले, पाय, करवतीसारखे दात, सगळं. सूर्याला गिळायला निघालेली, सांगलीजवळ डिग्रजच्या बाजूला वाळूत ऊन खात पडते तशी अस्सल कृष्णाकाठची मगर त्या विलायती घड्याळात बसली, आणि मला विचाराल तर शोभली.

हे सगळं ज्यांना पहिल्यांदा दाखवायचं आणि ज्यांच्याकडून पहिल्यांदा शिव्या खायच्या, असे एकच गृहस्थ होते. शेजारच्या गल्लीतले गुरुजी. मराठी शाळेत दोघं एका बाकावर होते. एक पुढे कारखान्यात गेला, एक वेदपाठशाळेत. गुरुजी पत्रिका बघत, मुहूर्त काढून देत, पंचांगातली गणितं त्यांची तोंडपाठ. मामा त्यांना चारचौघांत मानानं 'अहो गुरुजी' म्हणत आणि गुरुजी मामांना मनात येईल ते म्हणत. रोज दुपारी गुरुजी येत, पंचांग मांडीवर घेऊन खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसत. मामा भिंगातून बघून सांगत, "चंद्र अमुक अंशावर." गुरुजी पान उलटून म्हणत, "दोन अंश चुकला. तुझा चंद्र कारखान्यातून सुटल्यासारखा पळतोय." मग मामा चाक काढत, कानशीनं घासत, पुन्हा बसवत. आठ वर्षं हा उद्योग चालला होता. मामींचं मत असं की घड्याळ हे निमित्त आहे, दोघांना भांडायला टेबल लागतं.

मग ब्याण्णव सालचा डिसेंबर आला. झालं होतं असं की मामांनी राशींचं ते पितळी कडं साफ करून मूळच्या खुणांवर पक्कं बसवलं होतं. आता परदेशातल्या लोकांच्या राशी मोजायला सुरुवात होते एका जागेपासून आणि आपल्या पंचांगाच्या राशी सुरू होतात तिथून साधारण चोवीस अंश पुढे. दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर, आरंभ वेगळा इतकंच. पण त्यामुळे पंचांगातला सूर्य मकरेत शिरतो चौदा जानेवारीला, आणि मामांच्या घड्याळातला शिरला बावीस डिसेंबरला. मामांनी सकाळी भिंग लावून बघितलं आणि घरात हाळी दिली, "अगं, संक्रांत आली, तीळ कूट." मामींनी सांगितलं, आवं तीळ अजून बाजारात आला न्हाई. पण शेवटी डब्यातल्या जुन्या तिळाचे बारके बारके लाडू झाले. ते वाटीत घेऊन मामा गल्लीभर फिरले. लोकांनी डिसेंबरात तिळगूळ घेतला, थोडे घाबरून गोड बोलले. इथवर गंमत होती. गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळात गुरुजी बसले होते, भोवती सातआठ यजमान, कुणाची लग्नाची यादी, कुणाची वास्तुशांत. मामांनी सगळ्यांदेखत गुरुजींच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हसत हसत म्हणाले, "घ्या गुरुजी. तुमचं पंचांग तेवीस दिवस मागं पडलंय. जरा चावी द्या त्याला."

यजमान हसले. कुणी थोडं जास्तच हसलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी तो लाडू मामांच्या वाटीत परत ठेवला आणि म्हणाले, "आजपासून आपलं बोलणं संपलं." एवढंच, आवाजही चढला नाही. पुढच्या महिन्यात त्यातल्या दोन यजमानांनी मुहूर्त मिरजेतून काढून आणले. ज्याचं पंचांग मागे आहे त्याच्याकडून मंगळसूत्र कशाला बांधून घ्या, असं त्यातला एकजण म्हणाल्याचं मामींच्या कानावर आलं. त्यांनी ते मामांना सांगितलं तेव्हा मामांनी हातातली कानस खाली ठेवली. मग उठले आणि घरातलं पंचांग ट्रंकेत टाकून कुलूप घातलं. रागानं नव्हे, लाजेनं, असं मला आता वाटतं. तेव्हा मात्र ते रागानंच केल्याचा त्यांनी आव आणला होता.

जवळजवळ तीन वर्षं दोघं बोलले नाहीत. दुपारी मामा खड्ड्याच्या काठावर एकटेच बसत. चंद्राचे अंश मोठ्यानं वाचत आणि मग सवयीनं थांबत. मी गेलो की इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारत, "गुरुजींचा खोकला कसा हाय?" जणू मी सांगलीत राहतो आणि ते साताऱ्यात. मी एकदा म्हटलं, मामा, सरळ जाऊन माफी मागा ना. तर म्हणाले, "जाऊन काय सांगू? सूर्य मकरंत गेलाच न्हवता म्हनू? त्यो गेला हुता की हो!" माफी मागायची तर सूर्याला खोटं पाडावं लागेल, या पेचात तो माणूस अडकला होता. बोललेला शब्द आणि सूर्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना कुणी समजावून सांगू शकलं नाही.

आणि मग पंच्याण्णवच्या दिवाळीतलं ते ग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. मामा साताऱ्याला छापखान्यात हजर झाले, अर्थात पुढच्या गाडीनं. एवढे आनंदात मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "जावईबापू, लय मोठी गोष्ट सापडली. राशी तुमी हितनं मोजा न्हाई तर तितनं मोजा, गिराण एकाच टायमाला लागतं! गुरुजींच्या पंचांगात बी, माझ्या घड्याळात बी. हितं दोगांचं एकमत हाय. आता त्यांना बोलवायला हरकत न्हाई." पण बोलणं बंद, मग बोलावणार कसं? त्यावर त्यांनी उपाय काढला होता. पत्रिका छापायची. एकच प्रत. मी हातानं खिळे जुळवले आणि आयुष्यातली सर्वांत विचित्र पत्रिका छापली. गुलाबी कागद, वर गणपती, खाली मजकूर: "आमचे येथे श्रीकृपेकरून सूर्य व चंद्र यांचे ग्रहण लक्ष्मीपूजनाचे दुसरे दिवशी सकाळी सांगली येथे योजिले आहे. तरी आपण अगत्य येऊन ते आमचे घड्याळात पाहावे. आहेर आणू नये. वि. सू. ग्रहणापुरता पंचांग व घड्याळ यांत मतभेद नाही."

अक्षता लावून ती पत्रिका मी गुरुजींकडे घेऊन गेलो. त्यांनी मला चहा दिला, चष्मा लावला, पत्रिका दोनदा वाचली आणि तांबडी पेन्सिल काढली. 'सूर्य व चंद्र यांचे ग्रहण' खोडून 'सूर्यग्रहण' केलं. 'योजिले आहे' याच्याखाली रेघ मारून समासात लिहिलं, 'योजणारे आपण कोण?' आणि पत्रिका माझ्या हातात परत दिली. मी विचारलं, "येणार ना, गुरुजी?" ते म्हणाले, "ग्रहणकाळात मी कृष्णेत उभा राहून जप करतो. चाळीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही. मामांना सांगा, शुद्धलेखन सुधारलंय." मी पडलेल्या चेहऱ्यानं परत आलो. मामांनी तांबड्या खुणा बघितल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. "दुरुस्त केलंय मंजे वाचलंय की!" म्हणाले. "जावा, नवी छापून आना." मी साताऱ्याला जाऊन नवी छापून आणली. तीही तांबडी होऊन आली. तिसऱ्या प्रतीत गुरुजींना एकही चूक सापडली नाही. ती त्यांनी ठेवून घेतली, पण येतो म्हणाले नाहीत.

दिवाळीला आम्ही सहकुटुंब सांगलीला गेलो. मामांनी घड्याळाला तेल घातलं, काचा पुसल्या, गुरुजींसाठी खड्ड्याच्या काठावर पाट मांडला. ग्रहणाचे वेध लागणार म्हणून गुरुजींनी दरवेळेप्रमाणे गल्लीतल्या घरोघर दर्भ पाठवला. मामांच्या घरीही पाठवला, कारण भांडण मामांशी होतं, वहिनींशी नव्हतं. वेध लागले की घरातल्या खाण्यापिण्याच्या वस्तूंत दर्भाची काडी टाकायची, म्हणजे ग्रहणाचा दोष लागत नाही. मामी या बाबतीत फार काटेकोर. संध्याकाळीच त्यांनी लोणच्यात टाकली, दुधात टाकली, माठात टाकली, करंज्यांच्या डब्यात, चकल्यांच्या डब्यात टाकली. आम्ही निजलो.

सकाळी मामा सदरा-लेंगा घालून, डोळ्याला भिंग लावून घड्याळापुढे बसले. खिडक्या त्यांनी बंद करून घेतल्या होत्या, आकाशाचा व्यत्यय नको म्हणून. मला काजळी धरलेली काच देऊन गच्चीवर पाठवलं, कारण आकाश बरोबर चाललंय की नाही हे बघायला कुणीतरी हवं होतं. सूर्याला उजव्या अंगानं जराशी खोच पडलेली दिसली आणि मी वरून ओरडलो, "लागलं, मामा!" खालून आवाज नाही. पुन्हा ओरडलो. मग मामींचं रडणं ऐकू आलं म्हणून धावत खाली गेलो. घड्याळ बंद होतं. पहाटे तीनलाच थांबलं होतं, पण मामांचं भिंग सूर्य-चंद्राच्या मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या काट्यांवर, त्यामुळे माझी हाक येईपर्यंत ते कळलंच नव्हतं. मामांनी मागचं दार उघडून बघितलं तर चाकांत दर्भाची काडी अडकलेली. "तुमीच काल वाटीनं तेल घातलंत त्यात," मामी डोळे पुसत सांगत होत्या. "लोनच्यातल्या तेलाला दोष लागतो, मग ह्या तेलाला लागनार न्हाई व्हय? अकरा वर्सं जीव लावलाय तुमी त्याला. म्हून मी टाकली." मामांनी काडी ओढून काढायला घाईनं हात घातला आणि कट्कन आवाज होऊन सूर्याचं आणि चंद्राचं अशी दोन्ही चाकं निसटली. दोन्ही काटे सुटून खाली लोंबायला लागले. एकटी मगर तेवढी तोंड उघडून आपल्या जागी होती.

मामांनी एकदा त्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं आणि अनवाणी घराबाहेर पडले. मी मागोमाग. सत्तरीच्या घरातला तो माणूस गल्लीतून घाटाकडे असा पळाला की मला गाठता येईना. घाटावर ही गर्दी! ग्रहणाचं स्नान करणारे, जप करणारे, देवळातले ते यजमानही त्यांत होते. गुरुजी कमरेएवढ्या पाण्यात डोळे मिटून उभे, ओठ हलत होते. मामा पायऱ्यांवर थांबलेच नाहीत. तसेच लेंग्यासकट पाण्यात शिरले आणि गुरुजींच्या पुढ्यात जाऊन मोठ्यानं, सगळ्या घाटाला ऐकू जाईल असं म्हणाले, "गुरुजी, माझं घड्याळ बंद पडलं. मला काय बी कळंना. सूर्य कुटं हाय? चंद्र कुटं हाय?"

डोक्यावर ग्रहण लागलेलं, सूर्याचा निम्म्याहून जास्त घास झालेला, आणि हा माणूस विचारतोय सूर्य-चंद्र कुठं आहेत! घाटावर कुणीतरी फिस्कन हसलं. गुरुजींनी डोळे उघडले. मामांकडे पाहिलं, भिंग अजून मामांच्या कपाळावर चढवलेलं होतं. गुरुजींच्या ओठांचे कोपरे हलले, जप करत राहायचा त्यांनी फार प्रयत्न केला, आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. चाळीस वर्षांचा जप मोडला. "अरे, वर बघ की गड्या!" ते म्हणाले. तीन वर्षांनंतरचा तो पहिला शब्द.

"वर हायती व्हय, पर अंशात सांगा," मामा काकुळतीला आले. "काटे लावायचेत."

गुरुजींनी पंचांग न बघता सांगितलं, "तूळ, साडेसहा अंश." मग जरा थांबले. "ते माझ्या पंचांगानं. तुझ्या यंत्राला त्यात चोवीस मिळव. वृश्चिकेचा अगदी आरंभ येईल." हा हिशेब त्यांनी त्या क्षणी केलेला नव्हता, हे मलाही कळलं. तो त्यांनी फार आधी करून ठेवलेला असणार.

मामांचे डोळे भरून आले. "चोवीस मिळवत न्हाई," ते म्हणाले. "आज तुळंलाच लावतो, तुमच्या हिशोबानं. कडं फिरवून टाकतो. त्या दिवशी देवळात म्या बोलाय नको हुतं, गुरुजी. लय चुकलं."

"कडं फिरवायचं नाही!" गुरुजी कडाडले. "ज्यानं घडवलं तो काय मूर्ख होता? वृश्चिकेलाच लाव."

"आवं पर तुमचं पंचांग..."

"माझं पंचांग माझ्यापाशी. तू यंत्राला हात लावून तर बघ!"

कमरेएवढ्या पाण्यात दोघांचं कडाक्याचं भांडण जुंपलं. मामा पंचांगाची बाजू घेऊन आणि गुरुजी घड्याळाची. मी पायरीवर बसून ऐकत होतो. तेवढ्यात लोकांनी "मोक्ष झाला, मोक्ष झाला" म्हणून पाण्यात बुड्या मारल्या, आणि ग्रहण सुटल्याचं या दोघांच्या गावीही नव्हतं. ओल्या कपड्यांनी भांडत भांडत दोघं घरी आले. गुरुजी पाटावर बसले, खड्ड्यात पाय सोडले आणि मामींना म्हणाले, "वहिनी, करंजी आणा. दर्भ काढून."

ज्या ग्रहणासाठी एवढा खटाटोप केला ते घड्याळात कुणालाच दिसलं नाही, आणि त्याचं मामांना कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. चाकं पुन्हा बसली, कडं गुरुजींच्या हट्टानं होतं तिथेच राहिलं, आणि पुढची अडीच वर्षं दुपारची बैठक चालू राहिली. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मामा गेले, झोपेत, कुणाला त्रास न देता. त्यानंतर दर आठवड्याला घड्याळाला किल्ली द्यायला गुरुजी येत. मामी म्हणत, राहू द्या हो, कोण बघतंय आता. गुरुजी किल्ली देत आणि जरा वेळ बसून जात.

नव्व्याण्णवच्या ऑगस्टमध्ये पुन्हा सूर्यग्रहण आलं, संध्याकाळचं. मी कामासाठी सांगलीत होतो. दुपारपासून आभाळ असं गच्च भरलं होतं की सूर्य कोणत्या बाजूला आहे हेही कळेना. घाटावर लोक ताटकळत उभे होते, लागलं की नाही कुणी सांगू शकत नव्हतं. मामींकडे गेलो तर दारात चपलांचा ढीग. आत खड्ड्याच्या काठावर गुरुजी सोवळं नेसून बसले होते, हातात माळ, आणि मागे त्यांचे यजमान दाटीवाटीनं उभे. घड्याळात सूर्याचा आणि चंद्राचा काटा एकावर एक येऊन मगरीच्या तोंडाशी पोचले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते पाहत होतो, आणि ज्यांनी केलं ते पाहायला नव्हते. मागून एकानं भीतभीत विचारलं, "गुरुजी, भाईर तर काय बी दिसंना. खरंच लागलंय का?"

"लागलंय," गुरुजी मान न वळवता म्हणाले. "बाहेर जाऊ नका. इथं बघा."

सगळी माणसं हात जोडून त्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. मामी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. मला मामांची त्या वेळी इतकी आठवण आली की मी पाऊस यायच्या आत निघतो असं काहीतरी सांगितलं आणि बाहेर ओट्यावर येऊन बसलो.